अपडेटनंतर पडदा लुकलुकतो, कार्ड गेले का?

प्रश्न : विंडोज अपडेट झाल्यापासून घरच्या संगणकाचा पडदा लुकलुकतो, अक्षरेही मोठी नि धूसर दिसतात. दुकानदार म्हणतो, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड गेले, नवे घ्या. काय करावे? – एक वाचक, रायपूर

उत्तर : खर्चाची घाई करू नका. अपडेटपाठोपाठ बिघाड झाला, तर दोष बहुधा कार्डाचा नसून ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसले, तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चालले आहे. मोठ्या अक्षरांचे कारण तेच.

कार्डाचे नाव दिसत असेल, तर प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडा. ते बटण फिके असल्यास किंवा बेसिक अ‍ॅडॉप्टरच दिसत असल्यास एनव्हिडियाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्याच कार्डाचा ड्रायव्हर उतरवा. सर्वांत नवा शोधू नका! जीटी ७१० केप्लर पिढीचे. या पिढीसाठीचे नवे गेम रेडी ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. तिला ४७० शाखेपर्यंतचाच ड्रायव्हर चालतो. फुकटचे ‘ड्रायव्हर अपडेटर’ मात्र अजिबात नकोत, त्यातून नको ते प्रोग्रॅम शिरतात.

संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावरही रेघा दिसल्या, तर आधी केबल बदलून पाहा. रायपुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कार्डावरची धूळही साफ करा. वीज बंद करूनच. त्यानंतरही रेघा राहिल्या, तरच नव्या कार्डाचा विचार करा.