अडकलेले काम थांबवावे कसे?

आजचा पाठ आमच्या एका चुकीतून निघालेला आहे. म्हणून आरंभी ती चूकच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सभासदांचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवण्याच्या कामी आम्ही मदत करीत होतो. वर्षारंभी प्रत्येक सभासदाच्या खात्यावर नव्या वर्षाची वर्गणी चढवावयाची असे. प्रोग्राम यादीतील नावे एकामागून एक घेई. आम्ही फक्त बटण दाबावयाचे. त्या दिवशी बटण दाबले, पाच मिनिटे गेली, अर्धा तास गेला, पण पडदा जागचा हलेना. आम्ही कंटाळलो, प्रोग्राम जबरीने बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून चालविला. या खेपेस तो सरळ पार पडला. आम्ही समाधानाने घरी गेलो.

पुढे थकबाकीची पत्रे गेली आणि एके सकाळी एक वृद्ध बाई पिशवीतून पावती काढीत आमच्यापुढे उभ्या राहिल्या. "मास्तर, पैसे तर मी भरलेत. मग मी कोणाचं देणं लागते?" त्यांच्या खात्यावर वर्गणी दोनदा चढली होती. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी होते. प्रोग्राम जेथे अडकला, तेथपर्यंतच्या प्रत्येकाची वर्गणी पहिल्या खेपेस चढून पक्की झाली होती, आणि दुसऱ्या खेपेस ती पुन्हा चढली.

आज घराघरांतून आपली मुले हायटेकमध्ये कामाला आहेत. मध्यरात्री फोन येतो, काम अडकले म्हणून. ती काय करतात हे वडीलधाऱ्यांसही कळावे, आणि लहानसहान संस्थांचा हिशेब ठेवणारांस उपयोग व्हावा, म्हणून हा पाठ.

१. आधी ओळखा

काम खरोखर अडकले आहे की नुसते सावकाश चालले आहे? पडदा हलत नाही एवढ्यावरून हे ठरत नाही. प्रोसेसर किती वापरला जात आहे, डिस्कवर लिहिले जात आहे काय, नोंदवहीत म्हणजे लॉगमध्ये शेवटची ओळ केव्हाची आहे, हे पाहावे. एकदा पाहून भागत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहावेत.

तीन प्रकार संभवतात. आकडे पुढे सरकत असतील तर काम चालू आहे, धीर धरावा. प्रोसेसर भरपूर राबत आहे पण काम पुढे जात नाही, तर प्रोग्राम बहुधा एकाच फेऱ्यात घुमत आहे. प्रोसेसर स्वस्थ, डिस्कही स्वस्थ, तर तो कशाची तरी वाट पाहत असण्याचा संभव फार.

आमचा प्रकार तिसरा होता. शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थांनी त्याच यादीतील एका सभासदाची नोंद दुरुस्तीस घेतली होती, आणि ती अर्धवट उघडी ठेवून ते चहाला गेले होते. त्या नोंदीला कुलूप लागलेले. आमचा प्रोग्राम दाराशी उभा. म्हणजे अपराधी एक आणि आम्ही मारले दुसऱ्यास! त्या गृहस्थांस हाक मारली असती तर काम आपोआप पुढे गेले असते. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये कोण काय करीत आहे हे 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या तक्त्यात दिसते, आणि कोणी कोणास अडविले आहे हे 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' सांगते. आधी तेथे पाहावे.

२. आधी घंटा, मग हिसकावणे

परीक्षेचा हॉल आठवा. वेळ संपत आली की आधी इशाऱ्याची घंटा होते. मुले वाक्य पुरे करतात, पुरवण्या दोऱ्याने बांधतात, नंबर तपासतात. मग पेपर गोळा होतात. घंटा न देता पेपर हिसकावला तर पुरवण्या सुट्या राहतात, आणि कोणते पान कोणाचे हे कळत नाही.

युनिक्स आणि लिनक्स या पद्धतींत नेमकी हीच सोय आहे. प्रोग्रामला इशारे देता येतात. कंट्रोल आणि सी ही बटणे दाबली की २ क्रमांकाचा इशारा जातो. नुसते 'किल' म्हटले की १५ क्रमांकाचा जातो, त्यास 'टर्म' म्हणतात. हे दोन्ही इशारे म्हणजे घंटा. नीट लिहिलेला प्रोग्राम ते ऐकून हातचे काम आवरतो आणि मगच थांबतो. ९ क्रमांकाचा इशारा म्हणजे हिसकावणे. तो प्रोग्रामला ऐकूही येत नाही, नाकारताही येत नाही; आवरण्यास क्षणही मिळत नाही.

म्हणून आधी १५, मग काही वेळ थांबणे, आणि दुसरा उपाय उरला नाही तरच ९. यंत्रेही असेच करतात. 'सिस्टमडी' घंटा देऊन सामान्यतः ९० सेकंद थांबते, कुबरनेटिस ३० सेकंद, आणि मग हिसकावते. ९ नेही प्रोग्राम जात नसेल, तर तो बहुधा डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उत्तरासाठी खोल खोळंबलेला असतो. पुनःपुन्हा ९ मारून उपयोग नाही, दुखणे तेथे शोधावे.

३. डेटाबेसची गोष्ट निराळी

डेटाबेसमध्ये अनेक कामे एका गाठोड्यात बांधता येतात. त्यास ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. गाठोडे एक तर सबंध पोहोचते, नाही तर सबंध परत येते.

पोस्टग्रेसमध्ये 'पीजी कॅन्सल बॅकएंड' ने फक्त चालू प्रश्न थांबतो. त्याने भागले नाही तर 'पीजी टर्मिनेट बॅकएंड' ने ती जोडणीच तुटते, आणि अपुरे गाठोडे परत येते. पण तेथे ९ चालवू नये. एका जोडणीस ९ ने मारले की बिघाड झाला असे समजून डेटाबेस बाकीच्या सर्व जोडण्या तोडतो आणि स्वतःची दुरुस्ती करू लागतो. एका मुलाचा पेपर हिसकावला म्हणून सारा हॉल रिकामा!

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक सावधगिरी. तेथे मोठे काम रद्द केले की केलेले सारे बदल एकेक करून उलटविले जातात, आणि यास मूळ कामाहूनही अधिक वेळ लागू शकतो. हेही अडकले असे समजून सर्व्हर पाडू नये. तो पुन्हा उठल्यावर उरलेले उलटविणे पुरे करावेच लागते.

४. थांबल्यावर

घाईने पुन्हा चालू करू नये. किती झाले आणि किती राहिले, हे आधी मोजावे. हे न मोजल्यानेच आमचा घात झाला.

पुढच्यासाठी उपाय सोपा आहे. वर्गणी चढविताना त्याच गाठोड्यात "या सभासदाची या वर्षाची वर्गणी चढली" अशी खूण ठेवावी, आणि एका सभासदास एका वर्षी एकच खूण असा नियम डेटाबेसलाच घालून द्यावा. मग काम कोठेही तुटो, दहा वेळा चालवा, वर्गणी एकदाच चढेल.

आम्ही त्या बाईंची क्षमा मागितली आणि सर्व खाती पावत्यांशी ताडून हाताने दुरुस्त केली. अर्ध्या तासाचा कंटाळा तीन आठवड्यांना पुरला.

उजळणी

१. पडदा हलत नाही, म्हणजे काम अडकले असे का म्हणता येत नाही?
२. १५ आणि ९ या इशाऱ्यांत फरक काय?
३. तुमच्या संस्थेचे वर्गणीचे काम आज मध्येच तुटले, तर कोठपर्यंत झाले हे कोणास सांगता येईल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर ती खूण ठेवण्याचे काम याच आठवड्यात उरकावे.