मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

‘लंडन किती लांब?’ या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे असतात. एक किलोमीटरचे, दुसरे तासांचे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सहज समजण्याजोगे आहे. गणिताचे भय बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम अंतर पाहू. वर्गातील भिंतीवरच्या नकाशावर मुंबई व लंडन पट्टीने जोडली, तर रेषा इराणी आखात व तुर्कस्तानच्या दक्षिण कडेने जाते. आता पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा कराचीजवळून, इराण, कास्पियन समुद्र आणि काळ्या समुद्राच्या ईशान्येकडून पोलंड, जर्मनीवर जातो. गोलावरचा हाच सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. तोच दोरा विषुववृत्तावर ठेवला, तर सुमारे 65 अंश भरतो. एका अंशाला 111 कि. मी. धरले, म्हणजे अंतर सुमारे 7,200 कि. मी. झाले.

विमानाचा वेग ताशी सुमारे 900 कि. मी. धरल्यास आठ तास पुरावेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

खरा घोळ घड्याळाचा. माझा मामेभाऊ नोकरीसाठी लंडनला निघाला, तेव्हा तिकिटावरच्या वेळा वाचून आई म्हणाली, “चार तासांत पोचतो की!” आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे उलगडा करणे माझ्याकडे आले. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून सकाळी 6 ला निघाले व साडेनऊ तास उडाले. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले, पण लंडनला सकाळचे 10. आपली प्रमाणवेळ 82½ अंश पूर्व रेखावृत्ताची, तिकडची शून्य अंशाची. 15 अंशांना एक तास, म्हणून फरक साडेपाच तासांचा. परतताना सकाळी 10 ला निघून साडेआठ तासांनी पोचले, तर येथे मध्यरात्र. घड्याळात जाताना 4 तास, येताना 14. दोन्हींची बेरीज 18. फरक गळून पडतो आणि सरासरी 9 तास उरते. (लंडनची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा असतो.)

आणखी एक गोष्ट दोऱ्याला कळत नाही. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. पुढे विमाने एका दमात जाऊ लागली. पण वाट राष्ट्रांच्या मर्जीवर राहिली. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैत उघडले. एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद केले. अशा वेळी भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडतो; इंधन जास्त, वेळ जास्त.

अंतर पृथ्वीने ठरविले आहे. वेळ मात्र वारा, घड्याळ आणि राजकारण मिळून ठरवितात. ज्यांच्या घरात तिकीट वाचून सांगणारे आपण एकटेच आहोत, त्या माझ्या मित्रमैत्रिणींनी एकदा तरी पृथ्वीगोलावर दोरा धरून पाहावा. पाठ केलेला भूगोल विसरतो. मोजलेला विसरत नाही.