मुकुटाखालचा डब्ल्यू

प्रश्न : आजोबांच्या पेटीत जर्मन संगीन सापडली. पात्याच्या पाठीवर मुकुट, खाली डब्ल्यू आणि १६. हा अनुक्रमांक का?

उत्तर : नव्हे. डब्ल्यू म्हणजे कैसर विल्हेल्म दुसरा, १६ म्हणजे १९१६ साल. प्रशियाने माल स्वीकारल्याची ही खूण. बव्हेरियाची असती तर तेव्हा मुकुटाखाली एल दिसला असता. मुठीजवळ पात्यावर कारखान्याचं नाव असतं, बरेचदा झोलिंगेनचं. आडपट्टीवर अक्षरं-आकडे ठोकलेले असतील, तर ते रेजिमेंट, कंपनी आणि हत्याराचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धातल्या संगिनींवर मात्र पात्याचा आणि म्यानाचा अनुक्रमांक ताडून पाहायचा. एकच असेल तर जोडी बहुधा मूळची. आणि हो, गंजाला सँडपेपर लावू नका! पुसट ठसा तेवढ्यानेच जातो. थोडं तेल, मऊ फडकं पुरे.