एक पॅटर्न घातला आणि बाकीचे गेले

प्रश्न : मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. आमच्या ग्राहकांच्या वेबसाइट एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आहेत आणि त्यांच्यापुढे वेब ॲप्लिकेशन फायरवॉल बसवलेली आहे. परवा पायथनच्या स्क्रिप्टने मी रेजेक्स पॅटर्नच्या संचात एक नवा पॅटर्न घातला. स्क्रिप्ट बिनतक्रार चालली, पण नंतर पाहतो तर संचात तेवढा एकच पॅटर्न! जुने कुठे गेले? फायरवॉलचे नियम असे कोडने बदलावेत, की कन्सोलवर हातानेच बरे?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : जुने पॅटर्न तुमच्याच स्क्रिप्टने पुसले, आणि फायरवॉलच्या दृष्टीने त्यात काहीच वावगं घडलं नाही. एडब्ल्यूएसच्या जुन्या, ‘क्लासिक’ फायरवॉलमध्ये ‘हा पॅटर्न घाल’, ‘तो काढ’ असे सुटे हुकूम देता येत. नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ती सोय राहिली नाही. तिथे ‘अपडेट’ म्हणजे संपूर्ण यादी नव्याने देणं. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला सेक्रेटरीने नवा कागद दिला की जुना कागद रद्द होतो, तसंच हे. तुम्ही एका ओळीचा कागद दिलात. क्लासिकच्या काळातली उदाहरणं वाचून लिहिलेल्या स्क्रिप्ट इथे हमखास फसतात.

म्हणून स्क्रिप्टने आधी सध्याचा संच वाचायचा. त्या वाचनाबरोबर एक ‘लॉक टोकन’ मिळतं. वाचलेल्या यादीत आपला पॅटर्न मिळवायचा आणि पूर्ण यादी त्या टोकनसह परत पाठवायची. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी संच बदलला असेल, तर तुमचं टोकन शिळं ठरतं आणि फायरवॉल बदल नाकारते. इथे अनेकजण घाईने एक चूक करतात: नवं टोकन मागवतात, पण यादी आधीचीच पाठवतात. मग सहकाऱ्याने नुकताच घातलेला पॅटर्न निमूटपणे नाहीसा होतो. टोकन शिळं झालं तर यादीही शिळी झाली असं धरा आणि पुन्हा वाचण्यापासून सुरुवात करा.

आणखी एक खाचखळगा. साइट एडब्ल्यूएसच्या क्लाउडफ्रंट या वितरण-जाळ्यामागे असेल, तर तिचा संच मुंबई रीजनमध्ये सापडणार नाही. सर्व्हर मुंबईत असला तरी क्लाउडफ्रंटच्या नियमांची सगळी कामं उत्तर व्हर्जिनिया रीजनकडेच पाठवावी लागतात.

आता कोड की कन्सोल? माझं मत स्पष्ट आहे: कोडच. पॅटर्नची पूर्ण यादी गिटमधल्या एका फाइलमध्ये ठेवा, तीच खरी माना आणि स्क्रिप्टने किंवा टेराफॉर्मने तीच फायरवॉलवर चढवा. कुणी, कधी, कशासाठी बदल केला हे दिसतं, दुसरा माणूस तपासू शकतो, आणि बिघडलं तर मागे जाता येतं. मात्र मग कन्सोलवरून गुपचूप दुरुस्ती करायची नाही. केली, तर पुढच्या वेळी फाइल चढताच ती पुसली जाईल.

पण कोडने केलेला बदल क्षणात सगळीकडे पोचतो, आणि धोकाही तिथेच आहे. 2 जुलै 2019 रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 7 वाजून 12 मिनिटांनी साइटपुढे फायरवॉल पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या जगभरच्या सर्व्हरांचे प्रोसेसर अचानक शंभर टक्क्यांवर गेले आणि असंख्य साइट 27 मिनिटं कोलमडल्या. कारण होतं फायरवॉलमधला एक नवा रेजेक्स. त्याच्या पोटात .*.*=.* असा तुकडा होता. ‘काहीही, पुन्हा काहीही, मग बरोबरचं चिन्ह’ असं सांगितलं, की पहिल्या ‘काहीही’ने किती अक्षरं घ्यायची आणि दुसऱ्याने किती, याच्या सगळ्या शक्यता इंजिन एकेक करून तपासत बसतं. मजकूर थोडा लांबला तरी हे काम भराभर वाढतं. तो नियम कुणालाही अडवत नव्हता, फक्त चाचणीसाठी चालू होता. पण अडवायचं नसलं तरी जुळवून पाहावं लागतंच, आणि सगळा भार त्या जुळवणीचाच होता. एरवी त्यांचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने पुढे जाई. फायरवॉलचे नियम मात्र नव्या हल्ल्यांना तातडीने तोंड देता यावं म्हणून एकदम जगभर जात.

तेव्हा नवा पॅटर्न आधी ‘काउंट’मध्ये, म्हणजे न अडवता नुसतं मोजण्यावर, ठेवा हा नेहमीचा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. चढवण्याआधी तो लांबलचक, मुद्दाम वेड्यावाकड्या मजकुरावर चालवून वेळ मोजा. एका साइटवर नीट चालल्यावरच दुसऱ्या ग्राहकाकडे न्या. हे सगळं स्क्रिप्टमध्येच लिहून टाका, कारण रात्री बारा वाजता फोन आला की माणूस पायऱ्या गाळतो.

काउंटमध्ये काय पाहायचं? इथे मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं, की आपली माणसं अडतात का ते पाहा. एसक्यूएल इंजेक्शन पकडायला ‘युनियन’ आणि पुढे कुठेतरी ‘सिलेक्ट’ असा ढोबळ पॅटर्न लावला, तर ‘युनियन बँकेतून पैसे भरले, पण फॉर्मवर शाखा सिलेक्ट होत नाही’ अशी इंग्रजीत तक्रार लिहिणारा साधा नागरिक हल्लेखोर ठरतो. एकेरी अवतरणचिन्हावर, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफीवर, बंदी घातली, तर वसईचे डिसूझा आणि डिमेलो आपल्या नावाचं स्पेलिंगच लिहू शकत नाहीत. देवनागरीचा प्रश्न तर अधिकच बिकट. यूटीएफ-8 मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि यूआरएलमध्ये जाताना दर बाइटमागे एक टक्केचिन्ह लागतं. ‘नवी मुंबई’ या दोन शब्दांत वेलांटी, उकार, अनुस्वार धरून 8 चिन्हं आहेत, म्हणजे 24 टक्केचिन्हं झाली. टक्केचिन्हांची गर्दी दिसली की संशय घेणारा नियम मराठी शोध सरसकट अडवील. म्हणून जुळवणीआधी यूआरएल डीकोड करण्याचं रूपांतर लावा, आणि चाचणीच्या फाइलमध्ये हल्ल्यांच्या नमुन्यांबरोबर मराठी नावं, पत्ते, तक्रारीही ठेवा. एकही अडली तर पॅटर्न पुढे जाता कामा नये.

पॅटर्न वाढवत नेले की निर्धास्त झालो, असंही नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची त्रुटी उघड झाली तेव्हा फायरवॉलवाल्यांनी तातडीने नियम काढले. हल्लेखोरांनी हल्ल्याचा तोच मजकूर तुकडे करून, वळसे देऊन पाठवायला सुरुवात केली आणि नियम पुन्हा पुन्हा बदलावे लागले. खरा उपाय लॉगफोरजे अद्ययावत करणं हाच होता. फायरवॉलने त्यासाठी वेळ मिळवून दिला. शिवाय ती फक्त वेबच्या दारात उभी असते. जून 2017 मध्ये न्हावा शेवा बंदरातल्या एपीएम टर्मिनल्सच्या टर्मिनलचं काम नॉटपेट्या या विषाणूने विस्कळीत केलं. तो विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. कुठलाही रेजेक्स त्याच्या आड आला नसता.

फायरवॉल असूनही काही घडलंच, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. फायरवॉलचे लॉगही त्यात धरा.

राहिले तुमचे हरवलेले पॅटर्न. एडब्ल्यूएसमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या क्लाउडट्रेलच्या इव्हेंट हिस्टरीत, बरोबर त्या रीजनमध्ये, संच तयार केल्याची किंवा आधी बदलल्याची नोंद शोधा. त्या नोंदीत तेव्हा पाठवलेली पूर्ण यादी असते. पण ही हिस्टरी मागच्या 90 दिवसांचीच दिसते. तेव्हा हे काम आजच करा.