पहारेकऱ्याची भाकर कोणी द्यावी?

शास्त्रवाचन: २ राजे १२:४-१५, २ इतिहास २४:१७-२२, २ करिंथ ८:१६-२१
पाठांतरासाठी: २ करिंथ ८:२१

काही महिन्यांपूर्वी वडोदऱ्यास आमच्या मंडळीतील एका घरी प्रार्थनासभा होती. प्रार्थनेच्या विनंत्या सांगण्याची वेळ आली तेव्हा एक विधवा भगिनी म्हणाली, "माझ्या पेन्शनच्या कागदासाठी प्रार्थना करा. सहा महिने झाले, कागद टेबलावरून हलत नाही. चहापाण्याचे मागतात." आम्ही सर्वांनी मिळून प्रार्थना केली. ती संपल्यावर एक तरुण बंधू उभा राहिला. अशा लोकांचे अर्ज लिहून देणारी, माहितीच्या अधिकाराने कागद काढून देणारी काही माणसे शहरात आहेत. त्यांच्या कामासाठी आपण दरमहा प्रत्येकी पन्नास रुपये द्यावेत, असे त्याने सुचवले.

लगेच मतभेद झाला. एक वडील म्हणाले, "आपले काम सुवार्तेचे. सरकारच्या भानगडीत आपण कशाला पडायचे?" दुसरे म्हणाले, "आज पैसे द्याल. उद्या त्यांचा हिशेब कोण पाहणार?" तिसरे हळूच म्हणाले, "आपण मूठभर लोक. आपले नाव पुढे नको." मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. "भाऊ, तुम्ही शास्त्र शिकलेले, तुम्ही सांगा."

त्या दिवशी आम्हास उत्तर देता आले नाही. कारण आम्हास आमचीच एक गोष्ट आठवत होती. घराच्या एका कागदासाठी आम्हीही एका कचेरीत पाकीट दिले होते, आणि त्याच रविवारी व्यासपीठावर उभे राहून उपदेश केला होता. म्हणून हा अभ्यास प्रथम आमच्यासाठी आहे. वाचकांनी आमच्याबरोबर बसून तो करावा, इतकीच विनंती.

१. योवाशाची पेटी

योवाश राजाच्या काळी यरुशलेमेतील मंदिराची मोडतोड झाली होती. राजाने याजकांस सांगितले की, लोकांकडून येणारा पैसा घ्यावा आणि मंदिराची दुरुस्ती करावी. पैसा येत राहिला. पण राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भिंतींच्या भेगा तशाच होत्या. पैसा कुठे गेला, हे शास्त्र सांगत नाही. कुणावर चोरीचा आरोपही करत नाही. पैसा आला आणि काम झाले नाही, एवढेच ते नोंदवते. आपल्या गावातील रस्त्याकडे पाहणाऱ्या माणसालाही बहुधा एवढेच दिसत असते.

मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, मंदिरात शिरणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत, पैसा मोजून थैल्यांत बांधत, आणि तो कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. तेथून तो सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांना मिळे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे तीन गोष्टी मुलांस दाखवाव्यात. पेटी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. मोजणारे दोघे होते, आणि ते दोन वेगळ्या घरचे होते: एक राजवाड्याचा, एक मंदिराचा. आणि पैसा काम करणाऱ्यापर्यंत पोचला. पंधराव्या वचनात कामावर देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत असे आहे, ते दाखवून काही जण म्हणतात की विश्वास असला म्हणजे हिशेब नको. पण क्रम पाहा. मोजणी आधी झाली. विश्वास त्यानंतर आला.

२. पेटी ठेवणारा राजा पुढे कसा वागला?

ही गोष्ट आपण बहुधा येथेच थांबवतो. दुसऱ्या इतिहासात तिचा शेवट आहे. यहोयादा मरण पावला आणि राजा बहकला. तेव्हा यहोयादाचा मुलगा जखऱ्या ह्याने लोकांसमोर उभे राहून चूक दाखवली. राजाच्या हुकुमाने त्याला मंदिराच्या अंगणातच दगडमार करण्यात आला. ज्या राजाच्या काळी पेटी बसली, त्याच राजाने बोलणाऱ्याचे तोंड बंद केले.

आपण सयाजीराव महाराजांच्या नगरीत राहतो. १९०६ साली सबंध बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण चांगला राजा नेहमीच मिळेल, आणि चांगला राजा शेवटपर्यंत चांगला राहील, ह्यावर शास्त्र भिस्त ठेवत नाही. राजाच्या पगारावर नसलेला, तरीही राजाशी बोलू शकणारा कोणीतरी हवा. इस्राएलात ते काम संदेष्ट्यांचे होते.

३. आजचे पहारेकरी आणि त्यांचा खर्च

१२ ऑक्टोबर २००५ पासून आपल्या देशात माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, महाराष्ट्रात १० रुपये. साध्या पानाच्या नकलेस २ रुपये. तीस दिवसांत उत्तर मिळावे. मनुष्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणजे काम वीस रुपयांत होते की काय? तसे नाही. उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग दुसरे अपील गांधीनगरच्या माहिती आयोगाकडे. रोजंदारीवरच्या माणसाचे किती दिवस बुडतात! नकला, टपाल, प्रवास, वकिलाचा सल्ला, आणि कागद वाचून त्यातील गफलत ओळखणारा जाणकार, ह्या सर्वांस पैसा लागतो. जिवाची किंमतही मोजावी लागते. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे जमिनीचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी ह्यांचा खून झाला. त्याच वर्षी २० जुलैला, गीरच्या परिसरातील बेकायदा खाणींविरुद्ध लढणारे अमित जेठवा ह्यांना अहमदाबादेत उच्च न्यायालयाच्या समोरच गोळ्या घालण्यात आल्या. जखऱ्यालाही मंदिराच्या अंगणातच मारले होते.

हे काम आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या हरणी तलावात होडी उलटली आणि सहलीस आलेली बारा शाळकरी मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठेका कसा दिला गेला ह्याची झाडाझडती घेतली. ९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. तेथे लाच दिली गेली असे आम्ही म्हणत नाही. तो निवाडा न्यायालयाचा आहे. परंतु ठेक्याचे कागद, तपासणीचे अहवाल कोणीतरी वेळेवर मागून वाचावेत, हे काम शोकसभेच्या आधीचे आहे. ते करणाऱ्याला भाकर कोण देतो?

४. भाकर कोणाच्या ताटातली?

सरकारने द्यावी, असे कोणी म्हणेल. पण ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच ताटात जेवणारा किती दिवस खरे बोलेल?

परदेशी व मोठ्या संस्थांचा पैसा हा दुसरा मार्ग. २००० साली जागतिक बँक व तत्सम संस्थांतून निवृत्त झालेल्या काही मंडळींनी 'पार्टनरशिप फॉर ट्रान्सपरन्सी फंड' सुरू केला आणि निरनिराळ्या गरीब देशांतील लहान संघटनांस भ्रष्टाचाराविरुद्धच्या कामासाठी बेताच्या रकमा दिल्या. ह्या पैशाला अपवित्र म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही. आपल्या आजोबांच्या शाळा आणि दवाखाने दूर देशीच्या विधवांच्या नाण्यांतूनच उभे राहिले. मात्र ह्या मार्गाच्या दोन अडचणी आहेत. पैसा बंद झाला की काम बंद पडते. आणि 'हे परक्यांचे बोलणे' असे म्हणून खऱ्या प्रश्नालाही बाजूला सारता येते.

तिसरा मार्ग राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने दाखवला. १९७५ साली सरकारी नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय आणि त्यांचे सोबती ह्यांनी गावकऱ्यांबरोबर १ मे १९९० रोजी ही संघटना स्थापली. सरकारचा वा परदेशाचा निधी घ्यायचा नाही असे त्यांनी ठरवले. कार्यकर्त्यांनी किमान मजुरीएवढेच मानधन घ्यावे असाही नियम केला. २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना येथे त्यांनी पहिली जनसुनावणी भरवली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्यांच्या नावाने मजुरी लिहिली आहे त्यांनाच विचारायचे, अशी ती रीत होती. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे चालले, तेव्हा आसपासच्या गावांतून धान्य आले, बाजारातून भाजी आली. माहितीच्या अधिकाराच्या देशव्यापी मागणीला तेथून मोठे बळ मिळाले. त्या लढ्याची भाकर मजुरांच्या घरची होती.

अशा कामाने फरक पडतो का? युगांडा देशातील एक उदाहरण पाहा. १९९१ ते १९९५ ह्या काळात सरकार शाळांस जे अनुदान पाठवी, त्यातील सरासरी १०० पैकी १३ भागच शाळेपर्यंत पोचत होता, असे तपासात आढळले. मग किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापू लागले आणि शाळेच्या दारावर लावू लागले. २००१ पर्यंत ८० हून अधिक भाग पोचू लागला. सर्व श्रेय त्या छापील आकड्यांना द्यावे काय, ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी दारावरचा आकडा पालकांनी वाचणे आणि वेदीजवळची पेटी लोकांनी पाहणे, ह्यात आम्हास फारसा फरक दिसत नाही.

५. मंडळीने काय करावे?

आता त्या तीन हरकतींकडे येऊ.

"सरकारच्या भानगडीत कशाला?" बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार व शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांच्या टेबलाबद्दलच सांगितले (लूक ३:१२-१४). विधवेचा अडलेला कागद ही केवळ सरकारची भानगड नव्हे. ती आपल्या भगिनीची चूल आहे.

"त्यांचा हिशेब कोण पाहणार?" हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि पौलाने तो स्वतःवर ओढवून घेतला. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तो एकटा गेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने बरोबर घेतला, कारण देवासमोर शुद्ध असणे पुरे नाही, माणसांनाही ते दिसावे अशी त्याची काळजी होती. तेव्हा ज्या संघटनेस मदत द्यायची तिची नोंदणी, तपासलेले हिशेब आणि पगारपत्रक आधी मागा. जी दुसऱ्याचे कागद मागते पण स्वतःचे दाखवत नाही, तिला नमस्कार करून परत या.

"आपले नाव पुढे नको." ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणून कायदा नीट समजून घ्यावा. परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली बदल झाला. तेव्हापासून परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस देता येत नाही. मंडळीच्या विश्वस्त निधीतील पैसाही त्या निधीच्या उद्देशांसाठीच वापरावा लागतो. म्हणून ह्या कामासाठी दानपेटीला हात लावू नये. ज्यांना द्यावयाचे आहे त्यांनी नागरिक म्हणून, आपल्या खिशातून, पावती घेऊन द्यावे. कोणत्याही राजकीय पक्षाच्या झोळीत ते पडणार नाही हेही पाहावे. पन्नास माणसांचे पन्नास रुपये एका धनिकाच्या अडीच हजारांहून बरे. कारण त्यातील एकाने हात आखडला तरी काम थांबत नाही, आणि कोणा एकाला ते विकत घेता येत नाही.

पण त्याआधी एक काम आहे. आपल्या मंडळीचा वार्षिक हिशेब दारावर लागतो काय? अर्पण मोजताना दोन वेगळ्या घरची माणसे असतात काय? शाळेत प्रवेशासाठी, नोकरीसाठी, कब्रस्तानातील जागेसाठी आपल्याच संस्थांत कोणाचे हात ओले करावे लागतात काय? न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो हे आपण शिकवतो. तेव्हा आपली पेटी आधी वेदीजवळ, सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवू.

त्या भगिनीचे काय झाले, असे वाचक विचारतील. तरुण बंधूने तिचा अर्ज लिहून दिला. वीस रुपये आम्ही भरले. आमच्या जुन्या पाकिटाच्या मानाने ते फारच थोडे होते. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. तीस दिवस भरल्यावर अपील करायचे ठरले आहे, आणि ह्या वेळी तिच्याबरोबर कचेरीत जाण्यास ते पहिली हरकत घेणारे वडील तयार झाले आहेत.

वर्गात चर्चेसाठी

१. याजकांनी तेवीस वर्षांपर्यंत दुरुस्ती का केली नसावी? शास्त्र जे सांगत नाही ते आपण गृहीत धरतो काय?
२. पेटी ठेवणारा योवाश जखऱ्याचा वैरी का झाला?
३. आपण कधी 'चहापाण्याचे' दिले आहे काय? ते न देता काम करून घेण्यास किती वेळ व किती सोबती लागले असते?
४. आपल्या मंडळीचा हिशेब लहान मुलालाही समजेल असा एका पानावर लिहून पाहा.

प्रार्थना: हे प्रभो, आमच्या हातांतील पाकीट तू पाहिले आहेस. आम्हांस क्षमा कर. खरे बोलणाऱ्यांस एकटे सोडू नये एवढे धैर्य आम्हांस दे, आणि आमच्या स्वतःच्या पेटीचे झाकण उघडण्याची तयारीही दे. आमेन.