नांदेडहून अंदमान : भूगोल व गणित यांचा एक समवाय पाठ

वेळेची वजाबाकी, रेखावृत्ते आणि भारताची बेटे हे तीन घटक वरच्या इयत्तांत निरनिराळ्या महिन्यांत शिकविले जातात व निरनिराळ्या वह्यांत बंद होतात. वजाबाकी गणिताच्या वहीत राहते, रेखावृत्ते भूगोलाच्या वहीत राहतात, आणि अंदमान हे नाव परीक्षेपुरते पाठ होते. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येण्यास एखादे प्रत्यक्ष काम त्यांच्यापुढे ठेवावे लागते. नांदेडहून अंदमानास जाऊन यावयाच्या एका लहानशा सहलीचे वेळापत्रक आखणे हे असे काम होय. सहावी-सातवीच्या वर्गात तीन-चार तासिकांत ते सहज पुरे होते. त्यासाठी भारताचा भिंतीवरचा नकाशा, एक दोरी व फळा एवढे साहित्य पुरते.

प्रारंभ विमानापासून करू नये. वर्गातील बहुतेक मुलांनी विमान आकाशातूनच पाहिलेले असते. त्यांना पूर्णा जंक्शन मात्र चांगले ठाऊक असते. हिंगोलीकडे जाणाऱ्या माणसास नांदेडहून थेट गाडी मिळाली नाही, तर तो पूर्णेस उतरतो व दुसऱ्या गाडीची वाट पाहतो. लातूरकडील शाळांनी लातूर रोडचे उदाहरण घ्यावे. येथेच शिक्षकाने दोन शब्द फळ्यावर लिहावेत : ‘थांबा’ आणि ‘बदल’. गाडी वाटेत उभी राहते आणि उतारू आपल्या जागी बसून राहतो, तो थांबा. उतारू सामानासह उतरून दुसऱ्या गाडीत बसतो, तो बदल. विमानाच्या प्रवासातही नेमका हाच भेद आहे. काही विमाने वाटेतल्या शहरी उतरतात व पुढे जाणारे प्रवासी आतच बसून राहतात. काही प्रवासांत विमानच बदलावे लागते. थांब्यात केवळ वेळ जातो. बदलात मात्र पुढचे विमान चुकण्याचा धोका असतो. तिकिटावर दोन्ही प्रकार वरवर सारखेच दिसतात, म्हणून हा भेद मुलांकडून पाच-सहा उदाहरणांत ओळखून घ्यावा.

आता नकाशाकडे वळावे. नकाशावर अंदमानची बेटे बंगालच्या उपसागरात ठिपक्यांच्या माळेसारखी दिसतात, आणि मुले त्यांना चेन्नईच्या शेजारची समजतात. दोरीचे एक टोक नांदेडवर व दुसरे चेन्नईवर धरावे. नंतर तीच दोरी चेन्नईपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत ताणण्यास सांगावे. ती पुरत नाही. नांदेड ते चेन्नई हे सरळ अंतर सुमारे ७५० किलोमीटर आहे. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,३५० किलोमीटर, आणि ते सारे पाण्यावरून. कोलकात्याहूनही अंतर जवळजवळ तेवढेच भरते. (या शहरास सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम असे नाव देण्यात आले आहे. जुन्या नकाशांवर पूर्वीचेच नाव आढळते, म्हणून मुलांना दोन्ही नावे माहीत असावीत.) १,३५० किलोमीटर जावयास ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानास किती वेळ लागेल, असे विचारल्यास हुशार मुले एक तास एक्केचाळीस मिनिटे असे उत्तर देतील. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडा अधिक वेळ छापलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, चढणे, उतरणे यांत विमान पूर्ण वेगाने जात नाही, हे कारण मुलांनी स्वतः शोधावे. एस.टी.च्या वेळेचे गणितही असेच फसते, हे त्यांना लवकर आठवते.

नांदेडहून अंदमानास थेट विमान नाही. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंहजी विमानतळाची नवी इमारत २००८ साली, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी उभी राहिली. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. २०२२ साली ती सेवा थांबली. २०२४ मध्ये दुसऱ्या विमानांची ये-जा पुन्हा सुरू झाली. एवढ्या इतिहासावरून एक गोष्ट उघड होते. लहान विमानतळावरील सेवा आज असते, उद्या नसते. म्हणून पाठाच्या आधी चालू वेळापत्रक मिळवून वर्गात लावावे आणि मागील वर्षाच्या कागदावर विसंबू नये. विमान नसेल तेव्हा मार्ग आगगाडीचा. मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद अशी रात्रीची गाडी पहाटे हैदराबादेस पोचते, आणि तेथून शमशाबादच्या विमानतळावरून पुढचा प्रवास होतो. लातूरचे प्रवासी बीदरवरून हैदराबाद गाठतात.

या ठिकाणी पाठाचा मुख्य प्रश्न फळ्यावर मांडावा. वेळा कल्पित आहेत, परंतु अशक्य नाहीत. नांदेडचे एक कुटुंब रात्रीच्या गाडीने निघून पहाटे ४.३० वाजता काचीगुडा स्थानकावर उतरणार आहे. हैदराबादेहून त्यांचे विमान ७.१० वाजता सुटते. त्यांच्या हाती किती वेळ आहे?

वर्गात प्रथम २.८० असे उत्तर येईल. ही चूक दरवर्षी होते, आणि ती करणारा मुलगा मंद नसतो. दशमानाची वजाबाकी त्याच्या अंगवळणी पडलेली असते एवढेच. तास मोडला म्हणजे शंभर नव्हे, साठ मिनिटे मिळतात, हे येथे जितके ठसते तितके नुसत्या उदाहरणसंग्रहाने ठसत नाही. शुद्ध उत्तर २ तास ४० मिनिटे. मुले ‘पुष्कळ वेळ आहे’ असे म्हणून वही मिटू लागतील. मिटू देऊ नये.

विमान ७.१० ला सुटते, म्हणून प्रवाशाने ७.१० पर्यंत पोचावे असे नाही. सामान घेण्याची खिडकी देशातील प्रवासास साधारण एक तास आधी, म्हणजे ६.१० ला बंद होते. त्यानंतर आलेल्या प्रवाशासमोर विमान उभे असले तरी त्यास बसता येत नाही. तेव्हा खरी मर्यादा ६.१० ची. ४.३० ते ६.१० म्हणजे १०० मिनिटे. फलाटावरून मुले-माणसे व पेट्या घेऊन बाहेर पडून वाहन मिळविण्यास २० मिनिटे. विमानतळ स्थानकापासून पंचवीस-तीस किलोमीटर दूर. पहाटेचा रस्ता मोकळा धरला तरी ६० मिनिटे. बाकी उरतात अवघी २० मिनिटे. दिसावयास दोन तास चाळीस मिनिटे, हाती वीस मिनिटे! गाडीस अर्धा तास उशीर झाला, आणि तसा तो होतच असतो, तर विमान चुकले. एक विमान चुकले की त्या दिवसाची बोट चुकते, आणि बेटावर घेतलेली खोलीही रिकामी राहते. पाच दिवसांच्या सहलीत गेलेला एक दिवस कोठून भरून काढावयाचा?

मुलांस यावर उपाय सुचवू द्यावेत. आदल्या संध्याकाळी पोचणारी गाडी घ्यावी, असे कोणी म्हणेल. दुपारचे विमान पाहावे, असे दुसरा म्हणेल. दोन्ही ग्राह्य आहेत, मात्र प्रत्येकाने आपल्या उपायाचा खर्च मांडून दाखवावा, कारण आदल्या दिवशी पोचणाऱ्यास मुक्कामाचे पैसे पडतात. याच वेळी तिकिटाचा एक नियमही सांगावा. चेन्नईस किंवा कोलकात्यास विमान बदलावयाचे असून दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढे पोचविण्याची तजवीज सामान्यतः विमान कंपनी करते. दोन तिकिटे निरनिराळी काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी केवळ उशिरा आलेला मनुष्य असतो. त्यास सामानही उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते. स्वस्त पडते म्हणून निरनिराळी तिकिटे काढणाऱ्याने दोन विमानांमध्ये निदान तीन-चार तास ठेवावेत. आगगाडी आणि विमान यांचे एक तिकीट नसतेच, म्हणून वरच्या उदाहरणातील वीस मिनिटे अधिकच अपुरी ठरतात.

चोवीस तासांच्या घड्याळासाठी अर्धी तासिका राखून ठेवावी. ‘दि. १५, ००.२०’ असे तिकिटावर छापलेले असेल, तर प्रवाशाने घरून केव्हा निघावे? निम्मा वर्ग ‘पंधरा तारखेच्या रात्री’ असे सांगेल. पंधरा तारीख चौदाच्या मध्यरात्रीस सुरू होते. तेव्हा चौदाच्या रात्री जेवण करून निघावे लागते. पंधराच्या रात्री स्थानकावर गेलेल्यास गाडी आदल्याच रात्री गेल्याचे कळते. ही चूक शिकलेली माणसेही करतात, हे मुलांना सांगण्यास हरकत नाही.

यानंतर रेखावृत्ते घ्यावीत. नांदेड ७७° १९′ पूर्व रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९२° ४४′ वर. फरक १५° २५′. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने ६१ मिनिटे ४० सेकंद. म्हणजे पोर्ट ब्लेअर येथे मध्यान्ह नांदेडपेक्षा एक तासाहून थोडी आधी होते. पण दोन्ही गावांची घड्याळे एकच वेळ दाखवितात, कारण भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ या एकाच रेखावृत्तावर ठरलेली आहे. प्रमाणवेळेच्या मानाने नांदेडचा सूर्य सुमारे २१ मिनिटे मागे, पोर्ट ब्लेअरचा सुमारे ४१ मिनिटे पुढे. बेरीज मुलांनी ताडून पाहावी. हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला विमानातून उतरणारे कुटुंब नांदेडच्या सवयीने सहापर्यंतचा उजेड धरून बेत करील, तर समुद्रकिनाऱ्यावर पोचेपर्यंत अंधार होईल. उलट पहाटे पाचच्या आतबाहेर तेथे झुंजुमुंजू होते. तेथील दिवस लवकर सुरू करून लवकर संपवावा लागतो, आणि विमाने व बोटी यांच्या वेळाही बहुधा सकाळकडेच झुकलेल्या असतात.

शेवटचा टप्पा समुद्राचा. स्वराज द्वीप हे बेट (२०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते) पोर्ट ब्लेअरहून बोटीने दीड ते अडीच तासांवर आहे. समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात वादळी हवेमुळे या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि त्यांना सोडविण्यास नौदलाची जहाजे पाठवावी लागली. पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ १२ डिसेंबरला चेन्नईस धडकले व तेथील विमानतळही बंद ठेवावा लागला. एकाच वादळाच्या ओघात बोट बंद पडली आणि जेथे विमान बदलावयाचे ते शहरही अडले. नकाशावर पोर्ट ब्लेअर ते चेन्नई अशी रेघ ओढून मुलांस हे दाखवावे.

यावरून आखणीची दिशा ठरते : सहलीचे वेळापत्रक शेवटाकडून मागे लिहीत यावे. परतीचे विमान शनिवारी सकाळी असेल, तर शुक्रवारची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. स्वराज द्वीपाहून परतण्यास शुक्रवारची बोट न धरता गुरुवारची धरावी, म्हणजे एक बोट रद्द झाली तरी दुसरी उरते. पुष्कळ प्रवासी प्रथम शहर पाहून मग दूरचे बेट घेतात. थोड्या दिवसांच्या सहलीत हा क्रम उलटा असावा. दूरचे बेट आधी आणि शहर शेवटी. शहरात पाहण्यासारखे थोडके नाही. १९०६ साली पुरे झालेला सेल्युलर तुरुंग तेथे आहे, आणि सायंकाळी त्याच्या आवारात प्रकाश व ध्वनी यांच्या साहाय्याने त्याचा इतिहास ऐकविला जातो. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीने तेथे पोचले. मद्रासहून निघालेली ती बोट कित्येक दिवस पाण्यावर होती. आजही चेन्नईहून जहाजाने जावयास सुमारे तीन दिवस लागतात. दोन तासांचे विमान हे तीन दिवसांच्या समुद्रावरून जाते, हे कळल्यावर मुले नकाशातील ती निळी जागा वेगळ्या नजरेने पाहतात.

आता दिवस मोजून घ्यावेत. सोमवारी रात्री नांदेड सोडले, मंगळवारी दुपारी पोर्ट ब्लेअर, बुधवारी स्वराज द्वीप, गुरुवारी दुपारी परत, शुक्रवारी शहर, शनिवारी विमान आणि रात्रीची गाडी, रविवारी पहाटे नांदेड. रजा पाच दिवसांची, म्हणजे मंगळवार ते शनिवार. प्रत्यक्ष पाहण्यास दिवस तीन. एखादा मुलगा यात आणखी एक बेट घालू पाहील. त्यास नाही म्हणू नये. त्याने कोणत्या दिवसातून किती तास काढले ते त्यास फळ्यावर लिहावयास लावावे. बहुधा ते तास त्याने गुरुवारच्या राखीव वेळेतून काढलेले आढळतात.

घरच्या अभ्यासासाठी लक्षद्वीपमधील अगत्ती बेट द्यावे. तेथे जाणाऱ्यास प्रवेशपरवाना काढावा लागतो, तो मिळण्यास लागणारे दिवस वेळापत्रकात निघण्याच्या तारखेपूर्वी मांडावे लागतात, आणि बहुतेक प्रवासी कोचीस विमान बदलून जातात. तेथील धावपट्टी आखूड असल्याने विमाने लहान असतात व थोड्याच माणसांना जागा मिळते. अगत्तीचे रेखांश ७२° पूर्वच्या किंचित पुढे आहे. तेथे मध्यान्ह नांदेडच्या आधी होते की नंतर, आणि किती मिनिटांनी, हे मुलांनी काढून आणावे. उत्तर वीस मिनिटांच्या आसपास येईल. ‘आधी’ असे लिहिणारी मुले बेट म्हणजे पूर्वेकडेच असे धरून चाललेली असतात. त्यांना पुन्हा नकाशाजवळ बोलावून अरबी समुद्र दाखवावा.