सुट्टीचं आधी बोला

घरी पाळणाघर सुरू करू पाहणाऱ्या बायका माझ्याकडे विचारायला येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. खाणं आपण द्यायचं की डब्यातलं भरवायचं, कॅमेरे लावायचे का, किती लहान बाळ घ्यायचं, फी किती ठेवायची. सुट्ट्यांचं कुणीच विचारत नाही. वर्षभरात पालकांशी मन कडू होतं ते मात्र बहुतेक वेळा सुट्टीवरूनच. म्हणून आता मीच तो विषय आधी काढते आणि त्यावर जास्त वेळ बोलते.

माझं पाळणाघर पुण्यात सिंहगड रस्त्याला आहे. पालक बरेचसे आयटीतले, काही बँकेतले, एक-दोन शिक्षिका. सुरुवातीला सगळी मुलं ओळखीतलीच होती. फी तोंडी ठरायची आणि सुट्टीबद्दल त्या वेळी आमच्या भागात कुणीच काही ठरवत नसे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मी बंद ठेवायचे, पालकही घरीच असायचे, फी पूर्ण यायची. मग मुलं वाढली, ओळखीबाहेरची घरं आली आणि एका दिवाळीनंतर खात्यात पैसे कमी आले. एका घराने महिन्याच्या फीला तीसने भागून माझ्या बंद दिवसांचे पैसे वजा केले होते. दुसऱ्याने भागलं होतं कामाच्या दिवसांनी, म्हणजे दिवसाचा दर जास्त धरून. तिसऱ्या घराने दिवाळी सोडून दिली होती, पण त्याआधी ते आठवडाभर गावाला गेले होते त्याचे खाडे कापले होते. फोन एकाचाही नव्हता.

त्या महिन्यात माझ्या मदतनीस मावशींना मी पूर्ण पगार आणि दिवाळीचा बोनस दिला होता. तो द्यायलाच हवा होता. पण पुढच्या मे महिन्यात निम्मी मुलं आजोळी गेली, त्यांच्या घरांनी दिवाळीसारखेच खाडे कापले, आणि मला मावशींना अर्धा पगार घ्याल का असं विचारावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये त्यांनी एका सोसायटीतलं स्वयंपाकाचं काम धरलं. तिथे बारा महिने पगार होता. त्यांचं बरोबरच होतं. घरभाडं आणि मुलाच्या शाळेची फी त्यांनाही मे महिन्यात चुकत नव्हती.

सोसलं ते मुलांनी. एक दीड वर्षाची मुलगी फक्त मावशींच्या मांडीवर झोपायची. नव्या बाईंकडे ती जाईना, दुपारभर रडायची, तिच्यामुळे बाकीची जागी व्हायची. दोन घरांनी मुलं काढून घेतली. त्यातलं एक घर दिवाळीचे पैसे कापणाऱ्यांपैकी होतं. त्यांनी कापलेले पैसे फिरून आपल्याच मुलाच्या झोपेपर्यंत येऊन पोचले, हे त्यांना कधी कळलं नाही. कुणी सांगितलंच नव्हतं, तर कळणार कसं? पाळणाघराचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे पालकांना आपणच सांगायचं असतं.

मी आता प्रवेशाच्या वेळी कागदावर हिशोब मांडून दाखवते. समजा 8 मुलं आहेत आणि फी 6,000 रुपये. महिन्याला 48,000 येतात. मदतनिसाला 12,000 जातात, दूध, फळं, भाजी, गॅस, वीज, साफसफाई यांना 11,000. उरले 25,000, ती माझी दिवसाच्या दहा-अकरा तासांची कमाई. आता मे महिन्यात 3 मुलं गावी गेली आणि त्यांची फी आली नाही, तर 30,000 येतात. खाण्याचा खर्च फार तर 1,000 रुपयांनी कमी होतो, कारण पाच मुलांसाठीही पंखे तेच, गॅस तोच आणि मावशीही त्याच. हाती राहतात 8,000. दिवसाचे 200 रुपये कापणाऱ्या घराला वाटतं, मूल आलं नाही तर त्याचा खर्च वाचला. प्रत्यक्षात वाचलेली असते ती दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि कपभर दुधाची किंमत.

यातूनच माझा पहिला नियम निघाला. फी मुलाच्या जागेची असते, हजेरीची नसते. ती जागा मी दुसऱ्या कुणाला देत नाही, म्हणूनच गावाहून परतल्यावर मूल सोमवारी सकाळी सरळ माझ्या दारात उभं राहू शकतं. मूल सलग दोन आठवड्यांहून जास्त येणार नसेल आणि तसं आधी कळवलं असेल, तर खाण्याचे पैसे मी वजा करते. बाकी काही नाही.

दुसरी बाजू माझ्या सुट्ट्यांची. इथे बऱ्याच बायका संकोचतात. घरीच तर असतो, मग सुट्टीचे पैसे कसे मागायचे, असं त्यांना वाटतं. मला हा संकोच अजिबात पटत नाही. याच शहरात 1980 साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगाराबरोबरच हक्काच्या रजेसाठी त्या रस्त्यावर आल्या होत्या. आपण मुलं सांभाळणाऱ्या बायका सुशिक्षित, स्वतःच्या घरात काम करणाऱ्या, आणि तेवढंही मागायला कचरतो. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. त्यात कामगाराला वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. शिवाय 8 दिवसांची नैमित्तिक रजा. एक मदतनीस असलेलं घरगुती पाळणाघर या कायद्याखाली येत नाही, हे खरं. पण आपल्या मुलांचे आईवडील अशाच रजा घेत असतात, त्यामुळे हा दाखला दिला की बोलणं सोपं होतं.

मी सुट्ट्यांचे पैसे वेगळे मागत नाही. वर्षभराचा खर्च आणि माझी कमाई एकत्र धरते, त्यात बंद दिवसही मोजते आणि त्या रकमेचे बारा हप्ते करते. म्हणजे दिवाळीचे पैसे प्रत्येक महिन्यात थोडे थोडे आधीच आलेले असतात. हे सांगितल्यावर नोव्हेंबरमध्ये कुणी भागाकार करत बसत नाही.

यादी मात्र नीट विचार करून करावी लागते. डिसेंबरात नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की मी पुढच्या वर्षाची यादी करते आणि पालकांना देते. तारखा पाठ आहेत असं समजू नका. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती 14 सप्टेंबरला जाते आणि दिवाळीही नोव्हेंबरात सरकते. ज्या आईला अमेरिकेतल्या लोकांबरोबर काम करायचं असतं, तिला एवढ्या आधी तारीख कळली तरच रजा टाकता येते.

कोणते दिवस बंद ठेवायचे हे आपल्या पालकांची ऑफिसं पाहून ठरवा. माझ्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना पाडव्याला सुट्टी असते, भाऊबीजेला नसते. संक्रांत, रंगपंचमी, नारळी पौर्णिमा या दिवशी मी उघडं ठेवते, कारण त्या दिवशी पालकांना कामावर जावंच लागतं. गौरी माझ्याच घरी बसतात, त्यामुळे गौरीपूजनाचा दिवस मी सोडत नाही. ज्यांच्या घरी गौरी आहेत त्या आयांना ते सांगावंही लागत नाही. शिवाय मे महिन्यात एक आठवडा पूर्ण बंद असतो. तो मी हट्टाने घेते. वर्षभर सहा-आठ लेकरांना उचलून कंबर धरते, आणि तो आठवडा नसेल तर डिसेंबरपर्यंत मी चिडचिडी होते हे मला ठाऊक आहे. चिडलेल्या बाईकडे कुणाचंही मूल नसावं.

एकदा यादी दिली की तिच्यात बदल करायचा नाही. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले आणि सरकारने ईदची सुट्टी 29 तारखेला नेली. एका आईला अचानक सुट्टी मिळाली, तिने विचारलं, मग तुम्हीही बंद ना? माझ्या यादीत 29 तारीख उघडी होती, म्हणून मी उघडं ठेवलं. ज्यांना सुट्टी नव्हती त्यांनी यादीवर भरवसा ठेवला होता.

आजारपणाचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. मूल आजारी असताना फी कापायची नाही म्हटलं, की काही पालक सकाळी तापाचं औषध पाजून मूल आणून सोडतात. चार तासांनी औषध उतरतं आणि मूल पुन्हा तापतं. हात-पाय-तोंडावर पुरळ येणारा तो संसर्ग एका मुलाला झाला की पाठोपाठ सगळ्यांना होतो. तरीही फी कापण्याच्या मी विरोधात आहे. पैसे वाचतात म्हणून मूल घरी ठेवा असं शिकवलं, तर थोडं बरं नसलेलं मूलही महिनाअखेरीला घरी ठेवलं जाईल. औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच मूल घ्यायचं, कांजिण्या असतील तर सगळे फोड खपली धरेपर्यंत नाही, हे प्रवेशाच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि दारात मी ते पाळते. दारात उभ्या असलेल्या, घड्याळाकडे बघणाऱ्या आईला नाही म्हणणं फार अवघड जातं. पण आतल्या सात मुलांच्या आया त्या वेळी माझ्या बाजूने बोलायला तिथे नसतात.

मी स्वतः आजारी पडले तर? पालकांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट सुट्टी ही, कारण तिची आगाऊ सूचना नसते. वर्षातले पहिले चार दिवस मी भरपगारी धरते, पुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे स्वतःहून परत करते, मागायची वाट पाहत नाही. शिवाय जवळच्या दुसऱ्या पाळणाघराशी बोलून ठेवलं आहे. त्या ताई आजारी असल्या की त्यांची दोन-तीन मुलं माझ्याकडे येतात, माझी त्यांच्याकडे जातात, त्या दिवसाचे पैसे आम्ही आपसात मिटवतो. मुलांना ते घर आधी दाखवून आणायचं. अनोळखी घरात, आई घाईत असताना मूल सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ही सोय प्रत्येकीने केलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. स्पर्धा वगैरे विसरा.

कुणाच्याच हातात नसलेल्या दिवसांचंही लिहून ठेवा. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. त्या दिवशी मूल आणण्याचा प्रश्नच नव्हता. असे एक-दोन दिवस फीत धरलेले असतात. 2020 च्या टाळेबंदीत मात्र महिने गेले. काही घरांनी अर्धी फी दिली, काहींच्या स्वतःच्याच नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांच्याकडे मी कोणत्या तोंडाने मागणार होते? आता कागदावर असं आहे: सरकारी आदेशाने पंधरा दिवसांहून जास्त बंद राहिलं, तर पुढचा एक महिना अर्धी फी, त्यानंतर काहीच नाही, आणि जागा पुन्हा सुरू होईपर्यंत राखलेली.

आणखी एक प्रसंग वारंवार येतो. दुसऱ्या बाळंतपणासाठी आई रजेवर जाते. संघटित क्षेत्रातल्या नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा असते, तेव्हा थोरलं मूल घरीच राहील असं ठरतं. सहा महिने पूर्ण फी घेणं मला कठोर वाटतं आणि फुकट जागा राखणं परवडत नाही. मी तिसरा हिस्सा घेते आणि सुचवते की थोरल्याला आठवड्यातून दोन सकाळी तरी पाठवा. बऱ्याच आया पाठवतात. घरात नवं बाळ आल्यावर थोरल्याला त्याची जुनी मित्रमंडळी लागतात.

ज्यांच्याकडे आधीपासून मुलं आहेत त्यांनी नियम एकदम लादू नयेत. मी मार्चमध्ये पालकांना संध्याकाळी घरी बोलावलं, चहा केला, हिशोबाचा कागद सगळ्यांपुढे ठेवला आणि जूनपासून लागू होईल असं सांगितलं. नव्या मदतनीस मावशींनाही त्या बैठकीत बसवलं, कारण त्यांच्या पगारी रजेचा मुद्दाही त्याच कागदावर होता. एका वडिलांनी मे महिन्याच्या आठवड्याला हरकत घेतली. त्यांना मे महिन्यातच वर्षअखेरीचं काम असतं. त्यांच्यासाठी त्या आठवड्यात दुसऱ्या ताईंकडे सोय करून दिली, त्याचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा केला. एका घराला काहीच पटलं नाही. त्यांना मी दुसरं पाळणाघर मिळेपर्यंत जुन्याच पद्धतीने फी भरायला सांगितलं आणि त्यांच्या मुलाला शेवटच्या दिवसापर्यंत तसंच सांभाळलं. बाकीच्यांनी सही केली. एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, आणि सुट्ट्यांच्या यादीची तिसरी प्रत मावशींकडे.